नाद करायचा तर नीट करा

या वेळच्या पत्रांपैकी निम्म्याहून जास्त पत्रांचा सूर एकच आहे: गाण्याचं वेड लागलंय, ते लपवावं की मिरवावं? मराठीत ‘नाद’ म्हणजे आवाजही आणि खूळही. भाषेनेच दोन्हींची गाठ मारून ठेवली आहे, तेव्हा ओशाळण्याचं कारण आम्हाला दिसत नाही. पण नाद निगा मागतो: कानांची, वेळेची आणि जमवलेल्या ऐवजाची. खालची उत्तरं त्या निगेबद्दल आहेत.

प्रश्न: मी एकच गाणं दिवसात वीस-वीस वेळा ऐकते. घरचे म्हणतात, डोकं फिरलंय. शिवाय दोन महिन्यांनी त्याच गाण्याचा वीट येतो, तेव्हा फार वाईट वाटतं. माझं काही चुकतंय का?

डोकं जागेवर आहे. ओळख वाढत गेली की आवडही वाढते, हे मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायोन्स यांनी १९६८ साली प्रयोगांतून दाखवलं. गाण्यात तर पुढे काय येणार हे ठाऊक असण्यातच अर्धी गंमत असते. २०११ साली माँट्रियलच्या संशोधकांनी, गाणं ऐकताना ज्यांच्या अंगावर काटा येतो अशांच्या मेंदूचं चित्रण केलं. आवडती जागा आली तेव्हा डोपामीन हे आनंदाशी जोडलेलं मेंदूतलं रसायन सुटलंच, पण ती यायच्या काही सेकंद आधी, नुसती वाट बघतानाही सुटलं, आणि तेही मेंदूच्या वेगळ्या भागात. तुम्ही विसाव्यांदा ऐकता ते बहुतेक या वाट बघण्यासाठीच.

वीट येतो तो सारखं ऐकल्याने कमी आणि सारखं एकाच तऱ्हेने ऐकल्याने जास्त. बहुतेक जण फक्त मुख्य चाल आणि शब्द ऐकतात. तेच गाणं पाच वेळा लावा, पण दर वेळी कानाला वेगळं काम द्या. पहिल्यांदा फक्त खर्जातलं वाद्य धरा, बाकी सगळं सोडून द्या. दुसऱ्यांदा गाणारा श्वास कुठे घेतो ते बघा; शब्दाच्या मध्ये घेतो की ओळ संपवून, आणि लांब ओळीआधी तो चोरून किती घेतो. तिसऱ्यांदा दोन कडव्यांमधलं संगीत. चौथ्यांदा शेवटची पंधरा सेकंदं, जी आपण पुढच्या गाण्याच्या घाईत कायम कापतो. पाचव्यांदा सोबत गुणगुणा आणि जिथे हमखास घसरता ती जागा लिहून ठेवा. गाण्याची खरी करामत बहुतेकदा त्या घसरड्या जागीच असते. मग ते गाणं दोन-तीन आठवडे बाजूला ठेवा.

आणि आवडतं गाणं गजराला लावू नका. महिनाभरात त्याचे पहिले चार स्वर ऐकले तरी कपाळाला आठ्या पडतील.

प्रश्न: बँडच्या कार्यक्रमात स्पीकरच्या अगदी पुढ्यात तीन तास उभा होतो. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कानात ‘टींऽऽ’ वाजत होतं आणि सगळं कापूस घातल्यासारखं ऐकू येत होतं. नंतर आपोआप थांबलं. काळजीचं काही आहे का? कानात बोळे घातले तर मजा जाणार नाही का?

थांबलं म्हणजे काहीच झालं नाही, असं नव्हे. आतल्या कानात केसांसारखे तंतू असलेल्या पेशी असतात. मोठ्या आवाजाने त्या थकतात आणि विश्रांती मिळाली की बऱ्याचशा सावरतात. पण एखादी मेली तर माणसात ती पुन्हा उगवत नाही. तुमच्या कानांनी ती शिट्टी वाजवून इशारा दिला, असं धरून चाला.

हिशेब सोपा आहे. कारखान्यातल्या कामगारांसाठी अमेरिकेच्या नायॉश या संस्थेने घातलेली मर्यादा दिवसाला ८५ डेसिबल, ८ तास अशी आहे. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो: ८८ ला ४ तास, ९१ ला २, ९४ ला १, ९७ ला अर्धा तास, आणि १०० ला जेमतेम १५ मिनिटं. स्पीकरपाशी १०० चा आकडा सहज गाठला जातो. म्हणजे तुमचा दिवसाचा वाटा पहिल्या पंधरा मिनिटांत संपला आणि उरलेले पावणेतीन तास उधारीवर गेले. फोनमधली आवाज मोजणारी ॲप अंदाजापुरती ठीक, पण फोनचा माइक मोठ्या आवाजात दबतो आणि आकडा कमी दाखवू शकतो, हे ध्यानात ठेवा.

पहिला उपाय फुकटचा आहे: मागे सरका. उघड्यावर स्पीकरपासूनचं अंतर दुप्पट केलं की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो, म्हणजे वरच्या हिशेबाने चौपट वेळ मिळाला. बंद सभागृहात भिंतींवरून आवाज परततो, त्यामुळे फरक कमी पडतो. जागा निवडायचीच असेल तर मिक्सरवर बसलेल्या माणसाच्या आसपास उभे राहा. तो स्वतःच्या कानाला जे ऐकू येतं त्यावरून आवाज जुळवत असतो, त्यामुळे सगळ्यात समतोल गाणं तिथेच मिळतं. पुढच्या रांगेत कलावंत जवळ दिसतो, गाणं मात्र अर्धवट ऐकू येतं.

आता बोळे. फोमचे साधे बोळे वरच्या पट्टीतले आवाज जास्त खातात, म्हणून गाणं गोधडीखालून आल्यासारखं वाटतं. वादकांसाठीचे फिल्टरवाले बोळे मिळतात. ते खर्जापासून टिपेपर्यंत सगळं साधारण सारखंच, १५ ते २० डेसिबलने उतरवतात. गाणं तेच राहतं, फक्त धक्का कमी होतो. फोमचेच वापरणार असाल तर घालायची रीत शिका, कारण बरेच जण ते नुसते टेकवून ठेवतात. हात धुवा. बोळा बोटांत वळून बारीक, बिनसुरकुतीची कांडी करा. उजव्या कानाला घालताना डावा हात डोक्यावरून नेऊन कानाची वरची कड वर आणि मागे ओढा. त्याने आतला मार्ग सरळ होतो. कांडी आत सरकवा आणि बोट टेकवून २० ते ३० सेकंद धरून ठेवा, तोवर फोम फुगून बसतो. मग तळव्यांनी कान झाकून बघा. आवाज आणखी बराच उतरला, तर बोळा नीट बसलेला नाही. कार्यक्रम सुरू व्हायच्या आधीच घाला. पहिली दहा मिनिटं विचित्र वाटेल, नंतर विसरून जाल.

दर तासाला दहा मिनिटं बाहेर या. कानातला आवाज दुसऱ्या दिवसानंतरही टिकला तर कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखवा. आणि एका कानाने अचानक कमी ऐकू येऊ लागलं तर त्याच दिवशी जा, ‘बघू आठवडाभर’ नको. अशा बहिरेपणावरचे उपचार पहिल्या काही दिवसांत सुरू झाले तरच त्यांचा नीट उपयोग होतो.

हेडफोनसाठी जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेलं प्रमाण आठवड्याला ८० डेसिबल, ४० तास असं आहे. आवाज घरातल्या शांततेत ठरवा आणि बाहेर गेल्यावर तो वाढवू नका. गाडीच्या घरघरीवर मात करायला आपण बटण दाबत जातो, तिथेच कान जातात. बाहेरचा गोंगाट कापणारे हेडफोन यासाठी खरोखर उपयोगी आहेत.

प्रश्न: कार्यक्रम फोनवर रेकॉर्ड करते, पण घरी आल्यावर आवाज भयंकर येतो. कोणती सेटिंग बदलू?

कोणतीच नाही. मोठ्या आवाजाला माइक फाटतो, आणि फोन स्वतःच आवाज वरखाली करत बसतो, म्हणून तबल्याची थाप पडली की गळा मागे जातो. शिवाय मागच्याच्या डोळ्यांत तुमचा पडदा चमकतो, आणि परवानगीचा प्रश्न वेगळाच. सुरुवातीला एक फोटो काढा आणि फोन खिशात टाका. कार्यक्रम संपल्यावर तासाभरात वहीत लिहा: काय काय झालं, कोणत्या क्रमाने, साथीला कोण होतं, कुठे काय वेगळं केलं. उद्यापर्यंत थांबलात तर क्रम हमखास विसराल. तिकीट ठेवणार असाल तर त्याच दिवशी त्याचा फोटो किंवा झेरॉक्स काढा. थर्मल कागदावरची छपाई उजेडाने आणि उष्णतेने उडते, आणि मऊ प्लास्टिकच्या पाकिटात आणखी लवकर उडते.

प्रश्न: वडिलांनी रेडिओवरून आणि घरगुती मैफिलींत रेकॉर्ड केलेल्या दोनशे कॅसेट आहेत. त्या संगणकावर घ्यायच्या आहेत. सुरुवात कुठून करू?

वाजवण्यापासून तर नक्कीच नाही. प्रत्येक कॅसेटच्या पाठीकडच्या कडेवर दोन छोटे प्लास्टिकचे कान असतात, ते आधी मोडून टाका. ते शाबूत असेपर्यंत एका चुकीच्या बटणाने मैफल पुसली जाऊ शकते. मग खिडकीतून फितीच्या गुंडाळीकडे बघा. कडेला पांढरी भुकटी किंवा ठिपके दिसले तर ती बुरशी. अशी कॅसेट यंत्रात घालू नका, बुरशी यंत्रामार्गे बाकीच्यांना लागते. ती बंद पिशवीत वेगळी ठेवा आणि जाणकाराकडे द्या. समोरच्या उघड्या बाजूला, मधोमध, फितीमागे लोकरीची इवलीशी गादी असते. ती गळून पडली असेल तर आवाज दबका आणि वरखाली येतो. अशा वेळी फीत दुसऱ्या, स्क्रूवाल्या रिकाम्या खोक्यात बसवायची.

मग क्रम लावा. मैफिली आधी, कारण त्यांची दुसरी प्रत जगात कुठेही नाही. रेडिओ त्यानंतर. विकतच्या कॅसेट सगळ्यात शेवटी, किंवा नाहीच.

यंत्र म्हणून चांगल्या स्थितीतला जुना कॅसेट डेक घ्या. यूएसबीला लावायचे स्वस्त, हातात मावणारे प्लेअर टाळा. त्यांचा वेग डगमगतो आणि लांबवलेला षड्ज लाटांवर तरंगल्यासारखा ऐकू येतो. फीत वाचणारं हेड आणि फीत ओढणारी धातूची फिरती दांडी किमान ९० टक्क्यांच्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने, कापसाच्या काडीने पुसा. रबरी चाकाला मात्र साबणाचं पाणी बरं, अल्कोहोलने काही रबरं कडक पडतात. जुन्या फितींची भुकटी सुटते, म्हणून दर पाच-सहा कॅसेटनंतर पुन्हा पुसा.

वर्षानुवर्षं पडून राहिलेली कॅसेट आधी एकदा शेवटपर्यंत पुढे आणि मग मागे गुंडाळून घ्या. चिकटलेले थर मोकळे होतात, ताण सारखा होतो. १२० मिनिटांच्या कॅसेटची फीत फार पातळ असते. तिला हे करताना जवळ बसा, ओढ लागल्याचा आवाज आला की थांबवा.

यानंतरची पायरी जवळजवळ सगळे गाळतात. हेडशेजारच्या एका लहान स्क्रूने हेडचा फितीशी असलेला कोन बदलतो. ज्या यंत्रावर रेकॉर्डिंग झालं त्याचा कोन तुमच्या यंत्राहून किंचित वेगळा असेल, तर वरच्या पट्टीतले आवाज नाहीसे होतात आणि आपण फितीला दोष देतो. दोन्ही चॅनेल एकत्र करून, म्हणजे मोनोत ऐका. फीत चालू ठेवून बारीक पेचकसाने स्क्रू अगदी थोडा, घड्याळातल्या पाच मिनिटांएवढा, इकडे-तिकडे फिरवा. तंबोऱ्याची जवारी आणि झांजेची धार जिथे सगळ्यात स्वच्छ ऐकू येते तिथे थांबा. मूळ जागेची आधी खूण करून ठेवा. वेष्टणावर डॉल्बी बी (फितीची सूंऽऽ कमी करायची सोय) असं लिहिलं असेल तर डेकवर तेच बटण लावा, नाहीतर आवाज किरकिरा येईल.

डेकच्या लाइन आउटमधून वायर काढून संगणकाच्या लाइन इनला किंवा ऑडिओ इंटरफेसला लावा. माइकच्या भोकात लावलीत तर आवाज फाटेल. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ पुरे. सगळ्यात मोठी तान सुद्धा संगणकावरच्या मीटरवर उणे ६ डेसिबलच्या वर जाणार नाही, एवढी पातळी ठेवा. फितीचा सूंऽऽ असा सुसकारा पुसून काढायचा मोह सगळ्यांना होतो. काढायचाच तर प्रतीवर काढा, मूळ फाइलला हात लावू नका. सुसकाऱ्याबरोबर श्वास आणि खोलीची गुंजही जाते.

तास किती लागतील ते आधीच समजून घ्या. कॅसेट सरासरी ७५ मिनिटांची धरली तर २०० कॅसेट म्हणजे २५० तास, आणि जागा साधारण २६० जीबी. फ्लॅक या प्रकारात ठेवलं तर काहीही न गमावता ती बरीच कमी होते. रोज एक केलीत तरी साडेसहा महिने. फाइलचं नाव वर्ष-महिना-दिवस, कलावंत, राग किंवा गाणं, बाजू, याच क्रमाने द्या. वडिलांच्या हस्ताक्षरातल्या कव्हरचा फोटो त्याच फोल्डरमध्ये टाका. दोन प्रती वेगळ्या डिस्कवर करा, त्यातली एक दुसऱ्या घरी ठेवा. कॅसेट टाकून देऊ नका.

प्रश्न: आजोबांच्या ७८ च्या (मिनिटाला ७८ फेरे) रेकॉर्डी स्पिरिटने पुसल्या. आता त्यांच्यावर मळकट पट्टे दिसतात. कशाने जातील?

नाही जाणार, वाईट वाटतं सांगताना. त्या रेकॉर्डी लाखेच्या असतात आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते. लाकडाचं पॉलिश नेमकं तसंच करतात. तुम्ही मळ पुसला नाहीत, खाचांचा वरचा थर विरघळवलात. उरलेल्यांसाठी डिस्टिल्ड पाणी आणि त्यात सौम्य द्रव साबणाचे दोन-तीन थेंब घ्या. मऊ ब्रश खाचांच्या दिशेने गोल फिरवा, मधलं लेबल कोरडं ठेवा, भिजत घालू नका. साध्या डिस्टिल्ड पाण्याने पुन्हा पुसून सावलीत उभ्या ठेवा. ठेवतानाही कायम उभ्याच. आडव्या थप्पीत खालची तडकते.

पिनही तपासा. ७८ ची खाच रुंद असते, तिला साधारण ७५ मायक्रॉनची पिन लागते. एलपीची, म्हणजे नंतरच्या लांब चालणाऱ्या तबकडीची, पिन जेमतेम १८ मायक्रॉनची. ती खाचेच्या तळाशी घासते आणि खरखर वाढते. चावीच्या ग्रामोफोनवर लोखंडी सुई दर बाजूला नवी लावा, आणि त्यावर एलपी चुकूनही ठेवू नका.

तुमच्या ठेव्यात अगदी जुनी रेकॉर्ड असेल तर शेवटपर्यंत ऐका. १९०२ साली कलकत्त्यात गायिका गौहर जान यांचं ध्वनिमुद्रण झालं, तेव्हापासून काही वर्षं कलावंत शेवटी स्वतःचं नाव उच्चारत. तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला तयार होत, आणि तिथल्या माणसाला कुणाचं गाणं ते कळावं म्हणून ही सोय. तीन-साडेतीन मिनिटांत आलाप, बंदिश, ताना आणि वर नावही!

प्रश्न: दहावीला आहे. गाणी लावल्याशिवाय अभ्यास होत नाही. आई रागावते.

आईचं अर्धं बरोबर आहे. शब्द असलेलं गाणं वाचन आणि पाठांतराच्या आड येतं, कारण दोन्हींना डोक्यातला भाषेचाच भाग लागतो. इतिहास आणि व्याकरणाच्या वेळी बंद ठेव, किंवा नुसतं वाद्य लाव. सरावाची गणितं, आकृत्या, वही नीट करणं, यावेळी चालेल. आणि कानात इअरबड घालून झोपू नकोस. तीस मिनिटांचा टायमर लावून स्पीकरवर, हळू.

प्रश्न: ख्याल फार आवडतो, पण सम सापडत नाही. सगळे ‘वाह’ म्हणतात तेव्हा मी बाजूच्याचं बघून मान हलवतो. गाणं न शिकता हे जमेल का?

जमेल, कानसेन व्हायला गळा लागत नाही. सम म्हणजे तालाच्या आवर्तनाची पहिली मात्रा, एवढं लक्षात ठेवा. फक्त विलंबितापासून, म्हणजे संथ लयीपासून, सुरुवात करू नका. मध्यलय किंवा द्रुत तीनताल घ्या आणि गायकाकडे दुर्लक्ष करून डग्ग्याचा, म्हणजे तबल्याच्या जोडीतल्या खर्जातल्या वाद्याचा, घुमारा धरा. सोळा मात्रांपैकी नवव्या मात्रेला ‘खाली’ (टाळी न देता सोडलेली जागा), आणि दहावीपासून तेरावीपर्यंत ठेक्यात घुमारा गायब होतो: तिं तिं ता ता. चौदाव्या मात्रेला ‘धिं’ने तो परत येतो. धिं, धिं, धा, आणि पुढचा धा म्हणजे सम. घुमारा परतला की मनात ‘एक, दोन, तीन’ मोजा, चौथ्यावर समच. आठवडाभर रोज पंधरा मिनिटं, एकच ध्वनिमुद्रण. आधी नुसता ठेका ऐका, सोबत लेहरा (पेटी किंवा सारंगीवर फिरत राहणारी एकच चाल) असेल तर उत्तम, गाणं नंतर.

मग विलंबित एकताल. बारा मात्रा: धिं धिं धागे तिरकिट तू ना क त्ता धागे तिरकिट धी ना. एक आवर्तन पाऊण मिनिटाचं किंवा त्याहून लांबही असतं, त्यामुळे बोटांवर मोजायला गेलात तर हरवाल. खुणेचा दगड ‘तिरकिट’ आहे. ते दोनदा येतं, चौथ्या आणि दहाव्या मात्रेला. त्यापुढे ‘तू ना’ आलं तर अजून बरीच वाट आहे. ‘धी ना’ आलं तर लगेच सम. गायकही तिथेच मुखडा उचलायच्या तयारीत असतो. बंदिशीचे ते पहिले दोन-तीन शब्द ओळखीचे झाले की कान आणि ठेका एकमेकांची साक्ष देतात.

लयकारीत, म्हणजे लयीशी खेळताना, तबलजी ठेका सोडून जातो, तेव्हा तुमचा धागा तुटणार. तुटू द्या, पुढच्या तिरकिटला पुन्हा पकडा.

प्रश्न: आवडत्या गायिकेला पत्र लिहायचंय. काय लिहू म्हणजे त्या वाचतील?

दीडशे शब्द, त्याहून जास्त नको. ‘तुम्ही महान आहात’ हे त्यांना रोज येतं. नेमकी जागा सांगा: कोणतं ध्वनिमुद्रण, कितव्या मिनिटाला, कोणता शब्द कसा सोडला, आणि तुमच्या कानाला तिथे काय झालं. प्रश्न एकच विचारा, तोही गाण्याबद्दल. फोन नंबर मागू नका, घरच्या पत्त्यावर पाठवू नका. त्यांनी जाहीर केलेल्या पत्त्यावर किंवा संस्थेमार्फत द्या. आणि त्याच ध्वनिमुद्रणातल्या तबलावादकाला किंवा पेटीवाल्यालाही एक पत्र लिहा. त्यांना अशी पत्रं सहसा येत नाहीत. नाव वेष्टणाच्या मागे, शेवटच्या ओळीत, बारीक टायपात सापडेल.